मोठा मायनस नंबर, पडद्याखाली उगवणाऱ्या रक्तवाहिन्या आणि पीडीटी

शाईपेन

माझ्या मोठ्या भावाचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस १४ च्या आसपास आहे. मध्यंतरी त्याला डाव्या डोळ्याने वाचताना ओळी वाकड्या दिसायला लागल्या. मधली अक्षरं आकसलेली, कडेची सरळ, आणि दाराच्या चौकटीला मध्यावर पोक आल्यासारखं. तपासणीत मायोपिक (मोठ्या मायनस नंबरामुळे होणारा) सीएनव्ही निघाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) ऐन मध्यभागाखाली, मॅक्युलाखाली, नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत.

यावरचा नेहमीचा उपचार म्हणजे डोळ्यात दिली जाणारी अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शनं, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं शरीरातलं रसायन अडवणारं औषध. पण दादाला नुकताच पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे. त्यामुळे रेटिनाच्या डॉक्टरांनी "मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू" असं सांगितलं आणि दुसरा पर्याय म्हणून पीडीटीचं, फोटोडायनॅमिक थेरपीचं, नाव घेतलं. शिरेतून एक औषध द्यायचं आणि ते डोळ्यात पोचलं की त्यावर लेसरचा प्रकाश टाकायचा, असं त्याचं स्वरूप.

मिळेल ते वाचून काढलं. मराठीत यावर जवळजवळ काहीच सापडलं नाही, म्हणून हा धागा. आधी मला समजलंय ते लिहिते.

साधारण डोळा पुढून मागे २४ मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. मायनस ६ च्या पुढे गेलेले डोळे बहुधा २६ च्या वर असतात आणि दादासारख्यांचे त्याहून बरेच लांब. ही वाढ मागच्या बाजूला होते. पडदा, त्याखालचा रंगद्रव्याचा थर, ब्रुक्स मेम्ब्रेन नावाचं अगदी पातळ आवरण आणि रक्तपुरवठा करणारा कोरॉइडचा थर, सगळंच ताणलं जातं. ताणून विरलेल्या कापडाला चिरा पडाव्यात तशा ब्रुक्स मेम्ब्रेनला चिरा पडतात. डॉक्टर त्यांना लॅकर क्रॅक म्हणतात. या चिरांमधून कोरॉइडमधल्या रक्तवाहिन्या वर घुसतात. त्या कच्च्या असतात, पाझरतात, कधी रक्तस्राव होतो, आणि शेवटी तिथे वण राहतो. नंबर मोठा असला म्हणून सगळ्यांना हे होत नाही. पडदा खराब होण्याइतका मायोपिया असलेल्या डोळ्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत होतं.

माझे प्रश्न: पीडीटीत प्रत्यक्ष काय करतात? नजर परत येते का? आणि इंजेक्शनांच्या काळात हा उपचार अजून का केला जातो?

पडद्यामागे

मी रेटिना विभागात काम करतो, पीडीटीच्या वेळी हजर असतो. प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. उपचार कोणता घ्यावा हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं.

आधी उंची आणि वजन घेतात, कारण डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. दर चौरस मीटरला ६ मिलिग्रॅम. पृष्ठभाग १.६ चौरस मीटर भरला तर ९.६ मिलिग्रॅम. औषधाचं नाव व्हर्टेपॉर्फिन. बाटलीत ते गडद हिरवट भुकटीच्या रूपात येतं. निर्जंतुक पाण्यात विरघळवून मग पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून ३० मिलिलिटर करायचं. मिठाचं सलाईन इथे अजिबात चालत नाही, त्यात औषधाचा साका बसतो. आमच्याकडे ही गोष्ट दर वेळी दोघं जण तपासून पाहतात.

सुई शक्यतो कोपराच्या आतल्या ठसठशीत शिरेत लावतात. तळहाताच्या मागच्या बारीक शिरा टाळतो, कारण औषध शिरेबाहेर पाझरलं तर ती जागा दुखते, सुजते आणि त्या भागावर उजेड पडू न देण्याची काळजी बरेच दिवस घ्यावी लागते. पंपाने १० मिनिटांत औषध आत जातं. काहींच्या तेवढ्या वेळात कंबरेत कळा येतात. औषध थांबलं की त्या बहुधा जातात, पण लगेच सांगायचं, सोसत बसायचं नाही.

घड्याळ औषध सुरू झाल्या क्षणापासून चालू असतं. बरोबर १५ व्या मिनिटाला लेसर. तोवर डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केलेली असते, बधिरतेचे थेंब टाकून डोळ्यावर एक जाड भिंग टेकवतात, हनुवटी मशीनवर. लालसर प्रकाश ८३ सेकंद पडतो. दुखत नाही, चटका बसत नाही. नजर स्थिर ठेवणं एवढंच पेशंटचं काम, आणि मध्यभागीच अंधूक दिसत असेल तर तेच अवघड जातं. म्हणून दुसऱ्या डोळ्याने कुठे बघायचं ते आम्ही आधी दाखवून ठेवतो. दादांना हे आधी माहीत असलेलं बरं.

शाईपेन

पडद्यामागे, फार आभार. त्याला हे सगळं वाचून दाखवलं. त्याने विचारलंय की लेसर म्हणजे जाळणंच ना? मग जवळचा चांगला पडदाही जळणार नाही का?

रसायन

मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या आवडीचा.

पूर्वी जो लेसर वापरत तो खरोखरच जाळायचा. उष्णतेने रक्तवाहिनी बंद व्हायची आणि वरचा पडदाही जायचा. मध्यबिंदूवर तो मारणं म्हणजे नजर हातानेच घालवणं. शिवाय मायोपियाच्या पातळ डोळ्यात त्या लेसरचा डाग पुढे वर्षानुवर्षं पसरत जायचा.

पीडीटीचा लेसर त्या मानाने फारच सौम्य. तो एकटा टाकला तर काहीही होणार नाही. औषध एकटं दिलं आणि प्रकाश लागू दिला नाही, तरीही काही होणार नाही. तिसरी गोष्ट लागते ती ऑक्सिजन. व्हर्टेपॉर्फिन रक्तातल्या कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएल कणांना चिकटून फिरतं, आणि वेगाने वाढणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एलडीएल जास्त ओढून घेतात. त्यामुळे तिथे औषध जास्त साठतं. ६८९ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की औषधाचा रेणू ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून अतिशय क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो, जो जन्मतो तिथल्या तिथे काम करून संपतो. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर दुखावतं, गुठळी होते आणि रक्तवाहिनी बंद पडते.

नेमका ६८९ च का? लाल टोकाकडचा प्रकाश रक्त आणि रंगद्रव्य यांच्यातून बराच खोल जातो आणि या औषधाचा त्या भागात शोषणाचा एक ठळक टप्पा आहे.

तत्त्व जुनं आहे. १९०० च्या सुमारास म्यूनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी अ‍ॅक्रिडिन रंगाचा पॅरामिशियम या एकपेशी जीवावर काय परिणाम होतो ते पाहत होता. त्याला दिसलं की तोच रंग, तेवढाच रंग, उजेडात जीव घेतो आणि अंधारात घेत नाही. पुढे १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेत्स या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या शिरेत २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतलं. उन्हाचा स्पर्श झालेला त्याचा चेहरा आणि हात भयंकर सुजले आणि उन्हाचा त्रास त्याला कित्येक आठवडे होत राहिला. व्हर्टेपॉर्फिन याच कुळातलं, पण शरीरातून फार लवकर बाहेर पडणारं. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधनातून ते पुढे आलं. अमेरिकेत २००० मध्ये वयोमानाच्या मॅक्युला आजारासाठी त्याला मान्यता मिळाली आणि २००१ मध्ये मायोपियासाठी.

कुतूहल

म्हणजे हे औषध अंगात असताना ऊन लागलं तर आपलंही तसंच होणार? मग थोडे दिवस अंधाऱ्या खोलीत बसायचं का?

पडद्यामागे

ऊन टाळायचं, पण अंधारात बसायचं नाही. हे नीट समजून घ्या, कारण घरचे लोक काळजीपोटी पडदे ओढून पेशंटला कोंडून ठेवतात.

घरातला साधा उजेड हवाच. त्या मंद उजेडात त्वचेतलं औषध हळूहळू निष्प्रभ होत जातं. टाळायचं ते थेट ऊन, हॅलोजनचे प्रखर दिवे, दातांच्या डॉक्टरांचा दिवा, ऑपरेशन थिएटरचे दिवे. अमेरिकेतल्या सूचनापत्रात ५ दिवस लिहिले आहेत, युरोपातल्या सूचनापत्रात ४८ तास. आपल्या डॉक्टरांनी सांगितला तो काळ पाळायचा. बाहेर पडावंच लागलं तर पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मोठ्या काठाची टोपी, गडद गॉगल. सनस्क्रीनवर मात्र विसंबू नका. ते अतिनील किरण अडवतं आणि हे औषध जागं होतं दृश्य प्रकाशाने.

वजा_अठरा

हा धागा पाहून लिहावंसं वाटलं. माझ्या एका डोळ्याला पीडीटी झाली आहे, इंजेक्शनं यायच्या आधीच्या काळात. दुसऱ्या डोळ्याला बऱ्याच वर्षांनी तोच आजार झाला आणि त्याला इंजेक्शनं मिळाली. एकाच माणसाचे दोन डोळे, दोन उपचार.

पहिल्या डोळ्याच्या वेळी ओळी वाकड्या दिसत होत्या तरी चष्म्याच्या ठिकाणी मला "नंबर वाढलाय, नवीन काच करा" एवढंच सांगण्यात आलं. रेटिनाच्या डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत मधोमध करडा ठिपका बसला होता. पीडीटी झाली, ती पुन्हाही करावी लागली. पाझर थांबला. ठिपका गेला नाही. मला तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की आहे ती नजर राखण्यासाठी हा उपचार आहे, आणि तसंच झालं. पुढे वर्षांमागून वर्षं तो ठिपका किंचित किंचित वाढत गेला. रक्तवाहिन्या परत उगवल्या नव्हत्या. त्यांच्या भोवतीचा पडदा आणि कोरॉइड विरत गेलं, असं डॉक्टर म्हणाले. आज त्या डोळ्याने समोरच्या माणसाचे केस आणि खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही.

दुसऱ्या डोळ्याला इंजेक्शन झालं आणि पुढच्या तपासणीपर्यंत ओळी बऱ्याच सरळ झाल्या. आज हे मी त्याच डोळ्याने वाचतेय. थोडं वाकडेपण शिल्लक आहे, पण मेंदूला त्याची सवय होते.

दोन्हींची सरळ तुलना करू नये हे मला कळतं. दुसऱ्या वेळी रोग लहान असतानाच मी डॉक्टरांसमोर होते. तोच फरक बहुधा सगळ्यात मोठा.

आकडेमोड

वजा_अठरा यांच्या अनुभवाला आकड्यांची जोड देतो.

काहीच उपचार केला नाही तर काय होतं, याची जपानमधली एक पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. छोटीच होती, पण १० वर्षं पाठपुरावा केलेला. त्या अखेरीस ९६ टक्के डोळ्यांची नजर ६/६० (चांगल्या नजरेला ६० मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून कमी झाली होती. म्हणून "बघू, थांबू" हा सक्रिय रोगात पर्याय होऊच शकत नाही.

पीडीटीची मुख्य चाचणी व्हीआयपी नावाची. मायोपियाचे १२० रुग्ण. वर्षअखेरीस नजर तपासायच्या तक्त्यावरची ८ अक्षरं गमावण्यापासून वाचलेले पीडीटी गटात ७२ टक्के, नुसता प्रकाश टाकलेल्या गटात ४४ टक्के. फरक चांगला होता. दोन वर्षांनी मात्र तो कमी झाला आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

मग रॅनिबिझुमॅब हे अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शन आलं. रेडिअन्स चाचणीत २७७ रुग्ण, इंजेक्शन विरुद्ध पीडीटी अशी थेट तुलना. पहिल्या ३ महिन्यांत इंजेक्शनवाल्यांची नजर सरासरी साडेदहा अक्षरांनी सुधारली, पीडीटीवाल्यांची २.२ अक्षरांनी. अफ्लिबरसेप्ट या तशाच दुसऱ्या इंजेक्शनाच्या मायरर चाचणीत २४ आठवड्यांनी १२.१ अक्षरांची सुधारणा, आणि नुसतं इंजेक्शनचं सोंग केलेल्या गटात २ अक्षरांची घट.

मायोपियात इंजेक्शनंही थोडीच लागतात. रेडिअन्समध्ये रोग सक्रिय दिसला तरच टोचायचं असं ठरवलेल्या गटात वर्षभरातला इंजेक्शनांचा मध्यक (मधला आकडा) २ होता. वयोमानाच्या आजारात दर महिन्या-दोन महिन्यांनी जावं लागतं, तसं इथे बहुधा नसतं.

माझं स्पष्ट मत: या आजारासाठी पीडीटी मागे पडली आहे. शाईपेन, दादांना इंजेक्शन खरंच देता येणार नाही का, हे पुन्हा एकदा विचारा.

पडद्यामागे

आकडेमोड यांच्या पहिल्या वाक्यापासून जवळजवळ शेवटपर्यंत सहमत. पहिला पर्याय इंजेक्शनच, यात रेटिनावाल्यांमध्ये आता दुमत नाही. "मागे पडली" इथे मात्र थांबतो.

मागे पडण्याचं एक कारण असं की हा प्रकाश फक्त नव्या रक्तवाहिन्यांपुरता राहत नाही. औषध तिथे जास्त साठतं हे खरं, पण खालच्या नेहमीच्या कोरॉइडमध्येही थोडं असतंच. उपचाराचं वर्तुळ रोगाच्या कडेपासून चहूबाजूंनी अर्धा मिलिमीटर मोठं घेतात. मोठ्या नंबरच्या डोळ्यात कोरॉइड आधीच कागदासारखं पातळ. त्यावर हा मारा पुनःपुन्हा झाला तर भोवतीचा भाग विरण्याची धास्ती वाढते. वजा_अठरा यांनी लिहिलं ते काही अंशी आजाराचंच आहे, इंजेक्शन दिलेल्या डोळ्यांतही तसं होतं. पण पीडीटीने त्यात भर पडू शकते.

तरीही असे पेशंट येतात ज्यांना इंजेक्शन द्यायला डॉक्टर कचरतात. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आलेले. इंजेक्शनं देऊनही ज्यांचा पाझर थांबत नाही असे. गरोदर स्त्रिया, कारण हा आजार तरुण वयातही होतो. त्यांच्या बाबतीत पीडीटीचाही निर्णय सोपा नसतो, पण निदान पर्यायांचा विचार तरी होतो. अशा वेळी पीडीटी जवळ असणं मोलाचं वाटतं.

पक्षाघाताबद्दल: डोळ्यात टोचलेल्या औषधाचा अगदी थोडा अंश रक्तात उतरतो. प्रत्येक औषध रक्तात सारखाच वेळ राहत नाही, रॅनिबिझुमॅब लवकर निघून जातं. झटका येऊन किती दिवस झाले, कशामुळे आला, आता रक्त पातळ करणारी कोणती औषधं चालू आहेत, हे सगळं पाहून दोन्ही डॉक्टरांनी बोलायचं असतं. मात्र हे बोलणं लांबू देऊ नका. या आजारात आठवडेही महत्त्वाचे.

आकडेमोड

मान्य. "पहिल्या पसंतीतून गेली आहे" असं म्हणतो. इतर आजारांत तर ती व्यवस्थित टिकून आहे. सेंट्रल सिरस आजारात (पडद्याखाली पाणी साचतं तो) निम्म्या डोसने देतात, आणि पॉलिपॉइडल प्रकारात (कोरॉइडच्या रक्तवाहिन्यांना फुगे येतात तो) इंजेक्शनाच्या जोडीने.

पिंपळपान

माझ्या मुलीचा नंबर दर वर्षी वाढतोय. एका ओळखीच्या बाईंनी लाल प्रकाशाच्या यंत्राबद्दल सांगितलं, मुलांनी रोज त्यात बघायचं, नंबर वाढायचा थांबतो. ती हीच थेरपी का?

पडद्यामागे

नाही, पिंपळपान ताई, दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. नावात फक्त प्रकाश समान.

तुम्ही म्हणता त्यात ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाकडे मुलांनी दिवसातून दोनदा, दर वेळी ३ मिनिटं बघायचं असतं. त्यात औषध नसतं. डोळ्याची लांबी वाढण्याचा वेग त्याने कमी होतो असं चाचण्यांत दिसलं आहे. पण २०२३ मध्ये चीनमधल्या एका १२ वर्षांच्या मुलीच्या पडद्याला अशा यंत्राने इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. लांबच्या सुरक्षिततेबद्दल डॉक्टरांमध्ये खूप चर्चा चालू आहे. बालनेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घरी असलं यंत्र आणू नका, ही माझी कळकळीची विनंती.

नंबर रोखण्याचे इतर मार्ग आहेत: रोज साधारण दोन तास मोकळ्या उजेडात खेळणं, कमी ताकदीचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब, खास बनावटीच्या काचा किंवा लेन्स. आणि त्याचा खरा लाभ पुढे चाळिशी-पन्नाशीत दिसतो. नंबर एका डायॉप्टरने (म्हणजे एका नंबराने) कमी राखता आला तर मायोपियामुळे मॅक्युला खराब होण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असं २०१९ मधल्या एका विश्लेषणात मांडलं आहे.

काचमुक्त

मी लेसर करून चष्मा घालवलाय, आधी मायनस ९ होता. मला आता ही भीती नाही ना?

पडद्यामागे

आहे. चष्मा घालवणारा लेसर पुढच्या पारदर्शक पटलाचा आकार बदलतो. डोळ्याची लांबी आणि मागचा ताण तसाच राहतो. तुमचा पडदा अजूनही मायनस ९ चाच आहे. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, आणि नव्या डॉक्टरांना जुना नंबर आवर्जून सांगा. चष्मा दिसत नाही म्हटल्यावर त्यांच्या लक्षात येणार नाही.

नदीकाठ

मला डॉक्टरांनी सांगितलंय की पडद्यात रक्त दिसतंय, पण इंजेक्शन नको, थांबू या. इथे सगळे "घाई करा" म्हणताहेत. जीव टांगणीला लागलाय.

पडद्यामागे

नदीकाठ, तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असू शकतं. नवी चीर पडताना कधी कधी एखादी केशवाहिनी फुटते आणि थोडं रक्त साचतं. त्यात नव्या रक्तवाहिन्या नसतात. ते रक्त आपोआप शोषलं जातं आणि नजर बहुतेक वेळा सुधारते. तिथे इंजेक्शनही नको आणि पीडीटीही नको.

फरक कळतो तो ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारं प्रकाशाचं स्कॅन) आणि अँजिओग्राफीवर. हाताच्या शिरेतून डाय देऊन फोटो काढले की नव्या रक्तवाहिन्या असतील तर पाझर दिसतो. डाय न देता करायची ओसीटी अँजिओग्राफीही आता बऱ्याच ठिकाणी होते. तुमची यातली कोणती तपासणी झाली, तेवढं विचारून घ्या. झाली असेल आणि पाझर नसेल तर निर्धास्तपणे वाट बघा. मात्र पुढची तारीख चुकवू नका, कारण आज जिथे चीर पडली तिथूनच उद्या रक्तवाहिनी येऊ शकते.

वजा_अठरा

नदीकाठ, तोवर घरी चौकटींचा तक्ता वापरा, अ‍ॅम्स्लर ग्रिड. वाचायचा चष्मा लावून, नेहमीच्या अंतरावर धरून, एका वेळी एकच डोळा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याला सांभाळून घेतो आणि काही कळत नाही. मधल्या ठिपक्याकडेच बघायचं आणि भोवतीच्या रेषा कशा दिसतात ते टिपायचं. तक्ता हाताशी नसेल तर फरशीचे सांधे, खिडकीचे गज, काहीही सरळ चालतं. माझ्या दुसऱ्या डोळ्याचा आजार मला असाच लवकर सापडला.

सुप्रभात

डोळ्यांचे व्यायाम, त्राटक यांनी हे टाळता येईल का? आमच्या घरी सगळे करतात.

रसायन

डोळ्याची लांबी व्यायामाने कमी होत नाही आणि पडलेली चीर सांधली जात नाही. डोळ्यांना आराम वाटत असेल तर व्यायाम जरूर करा. पण सीएनव्हीवर उपचार म्हणून त्यात एक आठवडाही घालवू नका. आणि सूर्याकडे टक लावून बघण्याचा कुठलाही प्रकार तर मुळीच नको, त्याने निरोगी मॅक्युलाही भाजतो.

शाईपेन

दोन्ही डॉक्टरांचं बोलणं झालं. झटका अगदी ताजा आहे, त्यामुळे आत्ता इंजेक्शन टाळायचं आणि पीडीटी करायची असं ठरलं. पुढे गरज पडली आणि मेंदूच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला तर इंजेक्शनाचा मार्ग खुला ठेवलाय. आकडेमोड, तुम्ही सुचवलेला प्रश्न मी जसाच्या तसा विचारला, आणि त्यामुळेच ही चर्चा नीट झाली. मनापासून आभार.

दादाची अपेक्षाही आता बरोबर आहे. वाकड्या रेषा सरळ होतील असं तो धरून चाललेला नाही. डाग वाढू नये, एवढंच त्याला हवंय. तो हिशेबाचं काम करतो, आकडे वाचता येणं म्हणजे त्याचं पोट.

शेवटचे काही प्रश्न. घरच्यांनी आधी काय सांगायला हवं? नंतर तपासणी कधी? आणि औषध वेळेवर मिळेल ना, हे कसं पाहायचं?

पडद्यामागे

शाईपेन, आधी सांगायच्या गोष्टी: यकृताचा काही त्रास असेल तर तो, आणि घराण्यात किंवा स्वतःला पॉर्फिरिया (शरीरात पॉर्फिरिन साठण्याचा आजार) असेल तर तो. पॉर्फिरियात हे औषध देतच नाहीत. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादीही न्या, रक्त पातळ करणाऱ्यांसकट. काही अँटिबायोटिक, लघवी वाढवणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांनी त्वचा उन्हाला जास्त नाजूक होते. कुठलीही गोळी मनाने बंद करू नका, फक्त दाखवा.

औषधाची शंका रास्त आहे. २०२१ पासून जगभर व्हर्टेपॉर्फिनचा पुरवठा विस्कळीत झाला होता, तेव्हा कित्येक ठिकाणी उपचार पुढे ढकलावे लागले. म्हणून तारीख घेताना "बाटली हातात आली आहे का" हे थेट विचारा. बाटली नसेल तर तारखेवर विसंबून राहू नका, दुसरीकडे चौकशी करा.

त्या दिवशी डाव्या डोळ्यावर खूण केली आहे ना, ते तुम्हीही पाहा. लांब बाह्यांचे कपडे, टोपी, गॉगल बरोबर न्या, येताना लागतील. मनगटावर पट्टी बांधतात ती सांगितलेल्या मुदतीपर्यंत काढायची नाही. दादांना नुकताच झटका येऊन गेलाय, तेव्हा त्या दिवसांत अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना पट्टी दाखवायची. ऑपरेशनची वेळ आलीच तर प्रखर दिव्यांपासून त्वचा आणि डोळे झाकून ठेवावे लागतात. बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजणारा चिमटाही एकाच जागी तासन्‌तास ठेवत नाहीत, त्यातूनही प्रकाश जातो.

पहिले काही दिवस थोडं अंधूक वाटू शकतं. पण नजर एकदम खूप खाली गेली तर त्याच दिवशी फोन करा. क्वचित होतं, पण होतं. पाझर थांबला की नाही हे पाहायला पूर्वी तीन महिन्यांनी डाय देऊन फोटो काढत. आता ओसीटी त्याच्या आधीच करतात. उजव्या डोळ्याचंही ओसीटी दर वेळी करून घ्या. एका डोळ्याला हे झालं की पुढच्या काही वर्षांत साधारण तीनात एकाच्या दुसऱ्या डोळ्यालाही होतं.

वजा_अठरा

आणि हिशेबाच्या कामाचं: उरलेली नजर वापरायला शिकवणाऱ्या रिहॅबिलिटेशनवाल्यांकडे आत्ताच जा, नजर आणखी जायची वाट बघू नका. लो व्हिजनची भिंगं, स्क्रीनवर अक्षरं मोठी करणारं यंत्र, फोनमधलं वाचून दाखवणारं साधन, हे सगळं एक डोळा चांगला असताना शिकायला फार सोपं जातं. मी आकड्यांचे तक्ते काळ्यावर पिवळे करून वाचते. दादांना सांगायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सेटिंग लिहून पाठवते.